उसातले बिऱ्हाड

आक्काच्या घरी जायचे म्हणजे पूर्वी मोठी मौज असे. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागावे, राजगुरुनगर, मंचर मागे टाकावे, नारायणगावला उतरून गरम भजी खावीत आणि आडवाटेने चार-पाच किलोमीटर गेले, की दाजींचा मळा. उन्हे कलली की अंगणात बाज टाकायची आणि सूर्य जुन्नरच्या डोंगरांमागे बुडेपर्यंत गप्पा हाणायच्या. गेल्या हिवाळ्यात आम्ही नवराबायको सहा वर्षांच्या नातीला घेऊन गेलो, तेव्हा ती बाज भिंतीशी उभी करून ठेवलेली होती. अंगणाभोवती पुरुषभर उंचीची जाळी आली होती. साडेपाच वाजले आणि आक्काने नातीला दंडाला धरून आत घेतले.

“आजी, इथं कोण येतं?” नातीने विचारले.

“वाघ,” आक्काने तांदूळ निवडता निवडता सांगितले. दूधवाला येतो म्हणावे, इतक्या साधेपणाने!

इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पश्चिमेकडच्या डोंगरातले महादेव कोळी तर वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात. गुराढोरांना सांभाळ, असे वाघोबाला साकडे घालून नैवेद्य दाखवतात. म्हणजे ओळख जुनीच. पण ती डोंगरातली. मळ्यातली ओळख अलीकडची.

आक्काच्या लग्नात मी या गावी प्रथम आलो, तेव्हा येथे बाजरी, मटकी आणि बाभळी यांखेरीज काही नव्हते. लपायला सशालादेखील जागा मिळाली नसती. पुढे कुकडीचे पाणी आले. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली, कालवे निघाले, आणि जिथे पाटाचे पाणी पोचले तिथे ऊस उभा राहिला. आक्काच्या पत्र्याच्या घरावर स्लॅब पडला तो त्याच उसावर. हा ऊस बारा-बारा, अठरा-अठरा महिने हलत नाही. आत गारवा, दाट पाचट, शेजारी पाणी, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याच्या मादीला तीन महिने पोटात पिल्ले वागवायची आणि मग ती लपवून वाढवायची, तर आणखी काय हवे? माणसाने स्वतःसाठी ऊस लावला आणि नकळत तिचे बाळंतघर बांधून दिले.

आम्हां शहरातल्या माणसांचा समज असा, की जंगल तुटले म्हणून बिबट्या गावात शिरला. मीही तो पाठ करूनच गेलो होतो. जेवताना दाजींनी माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पाव्हणं, शिरला कुठून? त्याची आई इथं झाली, आजी इथं झाली. जंगल त्यानं बघितलंय कधी?”

दाजींचे हे म्हणणे शास्त्रज्ञांच्या म्हणण्याशी बरेच जुळते. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरांत जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले. त्यांची विष्ठा तपासली, तेव्हा वजनाच्या हिशेबाने खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा, आणि त्यातही पहिला मान कुत्र्याचा! मग पकडून जंगलात का सोडू नये? तेही झाले आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत; त्यानंतर ते 17 वर गेले. बिऱ्हाड मोडलेले जनावर अनोळखी रानात स्वस्थ थोडेच बसणार?

हे आकडे मी आक्काला सांगू शकलो नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा गेली. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. तिकडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात घालतात, तसले. वाकलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते म्हणे; आणि शेतातले कोणते काम वाकल्यावाचून होते?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फडात ऊसतोड चालू असता एकदम गलका झाला. पाचटात दोन पिल्ले सापडली होती. मांजराएवढी, धुरकट रंगाची, निळसर डोळ्यांची. तोडणीवाल्यांनी कोयते खाली ठेवले. वनखात्याची माणसे आली, पिल्ले तपासली आणि संध्याकाळी त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवून, कॅमेरा लावून दूर झाली. पिल्ले नेली, तर चवताळलेली आई वस्तीभोवती फिरत राहते. ती ठेवायची आणि तिला ती नेऊ द्यायची, ही इकडची रीत.

नेमकी त्या रात्री दाजींची पाण्याची पाळी होती. वीज रात्री दहाला यायची. मी शहरी शौर्याने “मीही येतो” म्हणालो. हातात काठी, बॅटरी, आणि दाजींच्या खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन. दारे मोडताना दाजी वाकले, की मी त्यांच्या पाठीमागे बॅटरी फिरवी. एकदा ऊस सळसळला. वारा नव्हता. दाजी सावकाश ताठ उभे राहिले आणि भजनाचा आवाज वाढवला. मला त्या रात्री थंडीतही घाम फुटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. असल्या रात्री दाजी आठवड्यात तीन-चारदा काढतात.

परत आलो, तेव्हा आक्का खिडकीशी बसून होती. दिवसभर तिने त्या वाघिणीला शिव्यांची लाखोली वाहिली होती. पहाटे गलबला ऐकून तीच आधी दारात गेली.

“नेली का हो तिनं पोरं?”

“दोन्ही नेली,” बाहेरून कोणी ओरडले.

आक्काने हात जोडले. “सुटली बाई!” मग तिचा चेहरा बदलला. “पण गेली कुणाच्या उसात?”

दाजी चूळ भरत होते. त्यांनी तोडलेल्या मोकळ्या फडावरून नजर फिरवली आणि म्हणाले, “आपलाच तेवढा उभा आहे.”