नारिंगीआधीचे गाजर

परसबागेत जांभळी, पिवळी, लाल आणि पांढरी गाजरे लावण्याची हौस अलीकडे वाढली आहे. अशा मिश्र बियांच्या पाकिटांवर या रंगांची भलावण नवलाई म्हणून केलेली असते, पण गाजराच्या कुळाचा इतिहास पाहू गेल्यास खरा नवखा रंग एकच ठरतो, आणि तो म्हणजे बाजारात सर्वात सवयीचा झालेला नारिंगी. रानटी गाजराचे मूळ पांढुरके, बारीक व चिवट असते. त्याची निवड होत होत जे गोड व मांसल मूळ लागवडीखाली आले, ते सुमारे अकराशे वर्षांपूर्वी मध्य आशियात, आजच्या अफगाणिस्तान आणि इराणच्या टापूत, आणि ते जांभळे किंवा पिवळे होते. तेथून ते पश्चिमेकडे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने सरकत स्पेनपर्यंत गेले, आणि बाराव्या शतकात सेव्हिलच्या परिसरातील कृषिग्रंथकार इब्न अल-अव्वाम याने गाजराचे वर्णन केले तेव्हाही तो गडद तांबड्या आणि पिवळसर अशा दोन जातींविषयीच बोलत होता.

नारिंगी गाजराचा स्थिर वाण घडला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत, मुख्यतः नेदरलँड्समध्ये. ओरांजच्या विल्यमच्या, म्हणजे डच स्वातंत्र्यलढ्याच्या नायकाच्या, सन्मानार्थ तेथील माळ्यांनी मुद्दाम हा रंग घडवला, अशी एक कथा जगभर सांगितली जाते. कथा गोड असली तरी तिला समकालीन पुरावा नाही, आणि एखाद्या राजपुरुषासाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडत बसावे हे तसेही पटण्याजोगे नाही. अधिक भरवशाचा साक्षीदार चित्रकलेत सापडतो. पीटर आर्टसन आणि योआखिम ब्यूकलार या चित्रकारांनी सोळाव्या शतकात रंगवलेल्या बाजारदृश्यांत भाज्यांच्या राशी इतक्या निगुतीने उतरल्या आहेत की विसाव्या शतकाच्या मध्यात ओ. बांगा या डच अभ्यासकाने गाजराच्या जातींची वंशावळ लावताना अशा जुन्या चित्रांचाच आधार घेतला. चित्रकाराला वनस्पतिशास्त्राशी काही देणेघेणे नव्हते, आणि म्हणूनच त्याची साक्ष निःपक्षपाती मानता येते.

हा रंग मुळात आला कोठून, या प्रश्नाचे उत्तर बरेच उशिरा, आणि काहीशा अनपेक्षित दिशेने मिळाले. 2016 मध्ये गाजराच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, आणि सुमारे 32,000 जनुकांच्या त्या नकाशात मुळाच्या पिवळेपणाशी निगडित असलेले एक जनुक उजेडात आले. वनस्पतीची जी अंगे उन्हात वाढतात त्यांत हरितद्रव्याबरोबर कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळ्या-तांबड्या छटांची स्निग्धात विरघळणारी रंगद्रव्ये, तयार होतात. मूळ अंधारात वाढते, त्याला या द्रव्यांची फारशी गरज नसते, आणि म्हणून रानटी गाजराचे मूळ फिकेच राहते. माणसाने निवडलेल्या गाजरात मात्र हा आवर घालणाऱ्या जनुकाचे काम बिघडलेले असावे, असे या अभ्यासातून सुचवले गेले. मूळ मातीखालीच असते, पण काही अंशी ते उजेडात असल्यासारखे वागते आणि जे द्रव्य पानाने करायचे ते स्वतःच साठवू लागते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या संशोधनात असे दिसले की पूर्ण नारिंगी रंगासाठी अशी तीन जनुके एकाच वेळी अप्रभावी रूपात, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेल्या दुबळ्या प्रतींच्या जोडीने, हजर असावी लागतात. ज्या रंगाला सर्वसाधारण मानले जाते तो एका मागोमाग एक झालेल्या तीन उणिवांचा परिणाम आहे, ही गोष्ट मंडईतल्या एकसारख्या ढिगासमोर उभे राहून ध्यानात येणे अवघड आहे.

इतर रंगांचे रसायन त्यामानाने सरळ आहे. नारिंगीत अल्फा आणि बीटा कॅरोटीन असते, आणि शरीर त्यांपासून अ जीवनसत्त्व बनवते. 1831 मध्ये हाइनरिख वाकेनरोडर या जर्मन रसायनज्ञाने हे द्रव्य प्रथम गाजरातूनच वेगळे केले. लाल गाजरात टोमॅटो व कलिंगडातले लायकोपीन असते आणि पिवळ्यात झेंडूच्या पाकळीतले ल्यूटिन. पांढऱ्यात यांपैकी काहीच नसल्यासारखे असते. जांभळे गाजर या कुटुंबाबाहेरचे आहे, कारण त्याचा रंग अँथोसायनिन या पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याचा असतो, आणि हा फरक पुढे स्वयंपाकघरात फार महत्त्वाचा ठरतो.

भारतात रंगांची ही परंपरा कधी पुरती तुटली नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी लांब, लाल, रसाळ गाजरे आशियाई गटातली आहेत, तर वर्षभर मिळणारी आखूड नारिंगी गाजरे युरोपीय गटातली आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दोन्ही गटांचा संकर करून देशी लाल आणि नँटिस यांपासून 'पुसा केसर' हा वाण काढला, आणि पुढे गडद लाल 'पुसा रुधिरा', काळपट जांभळा 'पुसा असिता' व पिवळसर 'पुसा कुल्फी' हेही वाण दिले. गुजरातेत जुनागढच्या वल्लभभाई मारवाणिया यांनी केवळ निवडीच्या जोरावर 'मधुवन' गाजर घडवले आणि 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्राच्या परसबागेने रंगीत गाजराचा श्रीगणेशा परदेशी पाकिटाने करावा की या वाणांनी, हा प्रश्न विचारला तर उत्तर दुसऱ्याच बाजूला झुकते. आशियाई गटाला थोडे ऊन सोसते आणि पठारावरचा सौम्य हिवाळा त्याला पुरतो.

मुळाचा रंग उत्तम भरतो तो साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात. त्याहून फार उष्णतेत गाजर आखूड व फिकट राहते. म्हणून पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे पेरणी केली तर पीक नेमके भोगीच्या सुमारास हाती येते, आणि त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत व संक्रांतीच्या सुगडात गाजराला जे स्थान आहे त्यामागे ऋतूचा हा साधा हिशेबच असावा. अडचण जमिनीची आहे. दख्खनची काळी भारी माती सुकली की आवळते आणि त्यात गाजर वाकडे होते, तर खड्यावर टोक आपटले की त्याला दोन पाय फुटतात. ताजे शेणखत घातले तरी हेच घडते. उपाय म्हणजे वाळू आणि चांगले कुजलेले खत मिसळून केलेला उंच गादीवाफा, आणि गच्चीवर किमान एक फूट खोल कुंडी. गाजराचे रोप लावून चालत नाही, कारण सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, हलवताना दुखावले की तेच पीक बिघडते. बी जागच्या जागीच पेरावे लागते.

हे बी हातावर घेऊन निरखण्यासारखे असते. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उभ्या कण्यांचे, आणि त्या कण्यांवर बारीक काटे असलेले हे तपकिरी दाणे चोळल्यावर जिऱ्या-बडीशेपेच्या कुळाचा वास सोडतात. विकत मिळणाऱ्या बियांचे काटे बहुधा आधीच घासून काढलेले असतात. पक्व बियांतही अंकुर पुरता वाढलेला नसतो, म्हणून उगवणीला दहा ते वीस दिवस लागतात, आणि तेवढा काळ वरची माती सुकू न देणे हेच या पिकातले खरे कसब आहे. त्यासाठी वाफ्यावर ओले गोणपाट पसरण्याची रीत आहे. पहिली दोन पाने गवताच्या पात्यासारखी अरुंद निघतात आणि नवशिका माणूस तण समजून खुरप्याने तीच उपटतो. तिसरे पान नेच्यासारखे चिरलेले आले की मग शंका उरत नाही.

यानंतरची विरळणी, म्हणजे दाट उगवलेल्यांतली काही रोपे काढून उरलेल्यांमध्ये तीन-चार बोटांचे अंतर ठेवणे, जिवावर येते खरी, पण ती टाळली तर एकही गाजर धड होत नाही. उशिराच्या विरळणीत निघणारी करंगळीएवढी गाजरे लगेच खाता येतात, आणि गाजराच्या पुंगीची म्हण निदान मोडून खाण्याच्या अर्ध्यापुरती येथे शब्दशः खरी होते. मिश्र बियांच्या वाफ्यात ही विरळणी आंधळेपणाने करावी लागते, कारण वरची पात सगळ्यांची सारखीच हिरवी असते. काही जांभळ्या वाणांच्या देठांवर तळाशी वांगी रंगाची झाक असते, पण देठाचा रंग आणि मुळाचा रंग यांचे जनुकीय नियंत्रण वेगळे असू शकत असल्याने हिरव्या देठाखालीही जांभळे मूळ निघते. खांदा उघडा पडला तर तो उन्हाने हिरवा व कडवट होतो, म्हणून मातीची भर द्यावी लागते. तेव्हा बोटाने जराशी माती सारून रंग पाहण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे काही कारण नाही, फक्त माती परत लोटावी.

उपटलेले जांभळे गाजर आडवे कापले की चकतीत तीन कडी दिसू शकतात: बाहेर काळसर जांभळे, आत नारिंगी, आणि मधोमध पिवळट गाभा. काही वाणांत जांभळेपण केवळ सालीपुरते असते आणि सोलणे फिरले की संपते, तर 'असिता'सारख्यांत ते गाभ्यापर्यंत मुरलेले असते आणि पाट, बोटे, सुरी सगळे माखते. असे गाजर पाण्यात उकडले की त्याचा रंग पाण्यात उतरतो, आंबट घातले की तो लाल होतो आणि सोड्याने निळसर पडतो. लाल-नारिंगी गाजराचा रंग उलट तुपात सुटतो, आणि हलव्याच्या कडेला सुटणारे तूप केशरी दिसते ते यामुळेच. शरीरातही कॅरोटीन स्निग्धाबरोबरच नीट शोषले जाते, तेव्हा हलव्यातल्या तुपाची बाजू घेण्यास शास्त्राचा एक आधार आहे, साखरेची बाजू घेण्यास मात्र नाही. जांभळ्याचा उत्तम उपयोग उत्तर भारताने ओळखला आहे. काळ्या गाजराचे तुकडे, मीठ आणि मोहरीची पूड पाण्यात घालून बरणी काही दिवस उन्हात ठेवली की आंबून कांजी होते, आणि जो गुण भाजीत दोष ठरतो तोच तिथे पेयाला माणकासारखा रंग देतो.

बी घरचे धरायचे असल्यास दोन-चार गाजरे न उपटता ठेवावी लागतात. आशियाई गट मैदानी हवेतही छत्रीसारखे पांढरे तुरे काढतो, तर युरोपीय गटाला त्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते आणि म्हणून त्याचे बी कुलूसारख्या थंड खोऱ्यांत तयार केले जाते. परागीभवन माश्या-मधमाश्यांकडून होत असल्याने शेजारी फुललेले दोन रंग सहज मिसळतात, आणि जांभळ्याशी संकर झाला की पुढच्या पिढीत जांभळा बहुधा वरचढ होऊन नारिंगी त्याच्या आड जातो. त्यामुळे एका वर्षी एकच रंग फुलू द्यावा हे बरे. धरलेले बी कागदी पाकिटात, वर वाणाचे नाव व साल लिहून, कोरड्या जागी ठेवावे. तीन वर्षांच्या पुढे त्याची उगवण झपाट्याने घटते.