मार्चअखेर

सातपुड्यातल्या धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगराळ गावांत मुलांच्या पोषणासाठी आणि शिक्षणासाठी आलेला निधी मी बरीच वर्षं हाताळला. मी एका धर्मादाय संस्थेत कार्यक्रम अधिकारी होते, पैसा मुख्यतः कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा. माझ्या सर्वांत मोठ्या चुका कागदावर चुका म्हणून कधी दिसल्याच नाहीत. उलट त्यांच्यामुळे अहवाल चांगले निघाले, म्हणून त्या लिहून ठेवते आहे.

दिवाळी झाली की इथले पाडेच्या पाडे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. त्यांतली पुष्कळशी होळीला परत येतात, कारण इथे सणांत सण होळीचाच. आमची पहिली मोजणी पावसाळ्यात व्हायची, दुसरी फेब्रुवारीत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असलेलं मूल तीव्र कुपोषित. दुसऱ्या मोजणीला जे मूल सापडत नसे, त्याचं नाव मी यादीतून वगळत असे आणि उरलेल्यांवरून 'बरे झालेल्यांची' टक्केवारी काढत असे. मागे राहिलेली मुलं कोणाची, तर ज्यांच्या घरी सांभाळायला आजी होती, थोडी जमीन होती, त्यांची. ज्या घरात काहीच नव्हतं ती मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडात होती. सगळ्यांत दुबळी मुलं हिशेबातून गेली की टक्केवारी वाढणारच.

गेलेली मुलं कुठल्या रकान्यात लिहायची, असं एका अंगणवाडी सेविकेने मला विचारलं होतं. तसा रकानाच नव्हता. शेऱ्यात 'स्थलांतरित' लिहा, असं मी सांगितलं. पुढच्या वर्षीचा तक्ता मीच आखला आणि त्यातही रकाना ठेवला नाही. आता आठवतं तेव्हा याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

पैशाचं गणितही तसंच. होळी बहुधा मार्चात येते. वाळलेली मुलं गावात परतत, आणि नेमका तेव्हाच, 31 मार्चला, आमचा जादा आहाराचा निधी संपत असे. नवा करार होईपर्यंत जून उजाडायचा. सीएसआरचा पैसा त्याच वर्षी खर्च करावा लागतो, हे उत्तर मी सगळ्यांना देत आले. पण 2021 मध्ये कंपनी कायद्याचे नियम बदलले आणि चालू प्रकल्पाचा निधी पुढची तीन वर्षं वापरता येऊ लागला. त्यानंतरही मी मार्चअखेरच पाळली. देणगीदारांशी बोलणं अवघड होतं, आणि मी ते टाळलं.

शिक्षणाचा निधी वेगळा आणि त्याची माणसंही वेगळी होती. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात, त्यांना आम्ही जोड दिली. मुलगे राहिले, मुली गेल्या. आई ऊस तोडत असताना तान्ह्याला कोण बघणार? आठ-नऊ वर्षांची बहीण. गावात त्या तान्ह्यासाठी, त्याच्या आजीसाठी काही सोय केली असती, तर निदान काही मुलींची शाळा टिकली असती. पाळणाघराचा खर्च 'आरोग्या'त घालायचा की 'शिक्षणा'त, यावर आमच्या बैठका झाल्या आणि शेवटी तो कशातच बसला नाही. या मुली गळाल्या त्याला आमची विभागणी कारण होती, पालकांची अनास्था नव्हे. अहवालात मात्र मी अनास्थाच लिहिली.

पुढे मी मोजणी होळीनंतर ठेवली, आणि न सापडलेलं मूल बरं झालेलं नाही असंच धरायचं ठरवलं. आकडा एकदम कोसळला आणि एका देणगीदाराने हात काढून घेतला. तो पैसा गेला, याचं वाईट वाटतं, पण जुन्या पद्धतीकडे परत जाणार नाही. वगळलेल्या मुलांच्या जुन्या याद्या सेविकांबरोबर बसून आम्ही नावानिशी तपासतो आहोत. काही आश्रमशाळेत सापडली, काही अजून तोडीवर आहेत. काही दगावली. मरण कुठे, कोणत्या महिन्यात आलं, हे घरच्यांना विचारून आता नोंदवलं जातं, कारण फडावर दगावलेलं मूल ना गावच्या नोंदीत येतं, ना तिथल्या.