डावीकडचा आकडा

सुरतच्या कोसाड आवास वसाहतीत बहिणीकडे गेलो की भाचीचं गणित माझ्या गळ्यात पडतं. त्या दिवशी वहीत होतं : ९,८९९ आणि १०,०११, मोठी संख्या कोणती? तिनं बेधडक पहिलीला गोल केला. "मामा, इकडे सगळे आठ-नऊ. तिकडे नुसते एक-शून्य!"

चूक म्हणायला जीभ रेटेना. बहीण साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणते. तिच्या पुडीतले दहा खडे एका रांगेत मांडले, ते उचलून डावीकडे एकच ठेवला. "हा एकटा त्या दहांचा." भाची बघत राहिली. "मोजून दिलेत, मोजून परत टाका," स्वयंपाकघरातून आवाज आला.

भाचीची शाळा गुजराती. ती एकम, दशक, सो म्हणते. मी एकक, दशक, शतक. आमची आई विसांनी मोजायची. पाच विसा म्हणजे शंभर. तिच्या हिशेबात दशकाला घरच नव्हतं, तरी दमडीची चूक नाही. तसे आपले शब्दही काही कमी तिरपे नाहीत. सत्तावीसमध्ये सात आधी बोलायचे आणि नंतर लिहायचे. एकोणतीसमध्ये तर दोनाचा पत्ताच नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाट दाखवली, तर केवढा गदारोळ झाला. मला ती वाट आवडली होती. अर्थात जिभेला सत्तावीसच येतं.

संध्याकाळी दोघं कोसाड स्टेशनवर गेलो. मालगाडी थांबलेली. डब्यावर अकरा आकडे, मध्ये एक स्वल्पविराम नाही. भाचीनं उजवीकडून बोट सरकवत नेलं : एकम, दशक, सो... दहा कोटींनंतर तिची गाडी अडली. अब्ज, दशअब्ज मी पुरवले. "बाप रे, एवढे डबे?"

एवढे नव्हेत, म्हटलं. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेचा ते, मग दोन बांधणीचं साल, चार त्याचा स्वतःचा क्रमांक. शेवटचा पडताळ्याचा, आधीच्या दहांवरून काढलेला. उतरवताना आकडा चुकला की तो चुगली करतो.

"मग डावीकडचा मोठा नाही?"

"इथं नाही."

ती पाचव्या-सहाव्या आकड्यापाशी गेली. ०९. पळत पुढच्या डब्याशी. १४.

"मामा, ०९ मोठा," ती ओरडली, "तो याचा दादा!"