सोन्याच्या गावात

सोन्याच्या खाणीचं गाव कसं असेल बरं? मी कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी बघायला निघालो, तेव्हा डोळ्यांसमोर सगळं पिवळंधमक होतं. बंगळूरुहून आगगाडीने मारिकुप्पमला उतरलो आणि समोर काय? राखाडी मातीचे डोंगर!

हा सोन्याचाच उरलेला भुगा. खाणीतला दगड दळून पीठ करायचं आणि सायनाइडच्या पाण्याने त्यातलं सोनं विरघळवून घ्यायचं. पुढे पुढे तर एक टन दगडामागे जेमतेम काही ग्रॅम सोनं निघे. बाकीचं पीठ इथे टाकलेलं.

1880 मध्ये जॉन टेलर कंपनी इथे आली. 1902 मध्ये खाणींसाठी थेट कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज आली. इंग्रज साहेबांना ऐसपैस बंगले मिळाले. पोटापाण्यासाठी आलेल्या, बहुतेक तमिळ बोलणाऱ्या कामगारांना मात्र चाळीसारख्या खोल्या. एका खोलीत अख्खं कुटुंब!

कामगाराचा दिवस पाळीनुसार चाले. पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून तो खाली जाई. चॅम्पियन रीफ खाण तर तीन किलोमीटरहून खोल! तिथला दगड साठ अंशांच्या पुढे तापलेला, म्हणून वरून थंड हवा सोडावी लागे. वरच्या डोंगराएवढ्या भारामुळे कधी कधी कपारीचा दगड धाडकन फुटे. तो हादरा वर घरांपर्यंत पोचे. घरच्यांचा जीव टांगणीला लागे: आपला माणूस वर येईल ना? त्या धडाक्यातून वाचला, तरी दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत साठून अनेकांना दम्यासारखा आजार जडे.

आणि एक गंमत ऐका. याच खोल अंधारात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं मांडली होती. अवकाशातून येणाऱ्या इतर कणांना वरचा दगड अडवतो. न्यूट्रिनो मात्र आरपार येतो. 1965 मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल त्यांना इथेच लागली.

सोनं कमी झालं, खर्च परवडेना. 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद पडल्या. हजारो कामगारांच्या हातचं काम गेलं. ढिगारे तेवढे राहिले. वारा सुटला की त्यांची धूळ अजून घरांवर येते.

परत आल्यावर आईच्या कानातल्या कुड्या मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. एवढ्याशा सोन्यासाठी कुणी किती दगड फोडला असेल?