हायवेपासून जरा आत

पुण्याहून सांगलीला निघालं की आमच्या घरचा एक हॉल्ट ठरलेला असायचा. साताऱ्याच्या अलीकडचं एक कौलारू हॉटेल. पुढे ओटा, वर चिंचेची सावली आणि गरमागरम भजी! रस्ता रुंद झाला आणि ते गेलं. आमच्याकडे त्याचा एक फोटोसुद्धा नाही. हॉटेलचा फोटो कोण काढून ठेवतं?

परवा त्याच पट्ट्यात, लिंब फाट्यावर गाडी आत वळवली. बारा मोटांची विहीर बघायला. ‘विहिरीत काय बघायचं?’ मित्राची कुरकुर चालू होती. पायऱ्या उतरलो आणि स्वारी गप्प!

छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट रुंद. वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार. इथल्या आमराईला पाणी द्यायला एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून हे नाव.

पण खरी गंमत पुढेच. विहिरीतच एक महाल आहे! कोरीव खांब, खाली पाणी, चहूबाजूंनी दगड. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज इथे खलबतं करायचे, असं सांगतात. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत मस्त गारवा. ना एसी, ना पंखा.

तिथे टेकून बसलो आणि ते हॉटेल आठवलं. कुठे राजाचा महाल, कुठे भज्यांचं हॉटेल! पण अक्कल तीच. सावली, वारा आणि टेकायला ओटा. महाल दगडाचा, म्हणून तीनशे वर्षं टिकला. हॉटेल कौलांचं, म्हणून ‘वारसा’ म्हणायच्या आधीच मोडलं. हायवेवर आता काचेचे फूड मॉल आहेत. स्वच्छ आहेत, सोयीचेही. पण कुठल्या गावात थांबलोय, ते पाटी वाचूनच कळतं.

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो. थोड्या अंतरावर एक जुनं कौलारू हॉटेल दिसलं. गाडी थांबवली. आधी फोटो काढला, मग चहा सांगितला.

कसं जाल? : पुण्याहून येताना आनेवाडी टोलनाका ओलांडला की लिंब फाटा लागतो. तिथून लिंब गावाकडे वळायचं. विहीर खोल आहे, कठड्यावर चढून सेल्फी नको. आणि दगडांवर ‘बदाम’ तर अजिबात नको!