सहा भोकं

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दरवाज्याला सहा भोकं आहेत. मला न विचारता पाडलेली. आता ती बुजवली आहेत, वरून रंग मारला आहे, तरी गाडी पुसताना बोट तिथं अडतं आणि राग पुन्हा वर येतो.

गाडी 2007 ची स्कॉर्पिओ. वडिलांनी डाळिंबाच्या पैशातून घेतली. जतला राहणाऱ्या माणसाला गाडी का लागते हे वेगळं सांगायला नको. मोठा दवाखाना मिरजेला, कचेरीचं काम सांगलीला, पार्ट मिळाला तर मिळाला नाहीतर विजापूर. 2022 मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, म्हणजे पुनर्नोंदणी आली. त्याच एप्रिलपासून सहाशेची फी पाच हजार झाली होती, ती भरायची तयारी ठेवली. पासिंगला न्यायच्या आधी बारीकसारीक कामं उरकावीत म्हणून शहरातल्या एका गॅरेजात गाडी लावली. दरवाज्याच्या खालच्या भागावरची काळी प्लास्टिकची पट्टी, जिला क्लॅडिंग म्हणतात, ती मागच्या टोकाला सुटली होती. खराब रस्ता लागला की खडखड वाजायची. एवढंच काम.

मी तासाभरानं आलो तर पट्टी घट्ट बसलेली. गॅरेजातल्या पोरानं प्लास्टिकवरून थेट ड्रिल लावलं होतं आणि सहा स्क्रू आरपार दरवाज्याच्या पत्र्यात पिळले होते. ‘साहेब, आता हलायचं नाव घेणार नाही,’ म्हणाला. दोनशे रुपये घेतले. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं. हलवून बघितलं, दगडासारखी घट्ट.

पुढच्या एप्रिलात, भर दुपारी, नागज फाटा ओलांडून शेगावकडे येत होतो. डावीकडं फट्कन आवाज झाला. आरशात पाहिलं तर पट्टी हवेत, आणि मागची मोटारसायकल रस्ता सोडून मुरमात उतरलेली. चालवणारा तिशीचा, मागं बायको, पुढं टाकीवर चारेक वर्षांची मुलगी. पडले नाहीत. गाडी थांबवून मी धावत गेलो. तो माणूस उतरला, रस्त्यावरची पट्टी उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘अण्णा, तुमचं हे.’ त्यानं शिव्या घालायला हव्या होत्या. त्याची बायको मुलीला छातीशी धरून उभी होती, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

जतला आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पट्टी उलटी करून मांडीवर घेतली. स्क्रूच्या प्रत्येक भोकापासून तडा गेला होता. मागच्या बाजूला कंपनीनं ठेवलेली क्लिपांची घरं होती. ‘हे बघा, एकच घर गोल हाय. बाकीची लांबट. का?’ मी गप्प. ‘पट्टी उन्हात वाढती. तिला सरकायला जागा ठेवलीय. त्या पोरानं ती जागाच मारली की वं.’

मी नंतर हिशेब करून पाहिला. मीटरभर लांबीची प्लास्टिकची पट्टी चाळीस अंशांनी तापली तर तीन-चार मिलिमीटर सहज वाढते. तेवढाच लोखंडी पत्रा वाढतो अर्धा मिलिमीटर. आमच्याकडच्या उन्हात काळं प्लास्टिक दुपारी हात लावू देत नाही आणि रात्री पुन्हा गार पडतं. रोज ती वाढू पाहत होती, रोज आखडत होती, आणि सहा स्क्रू तिला हलू देत नव्हते. जी घट्ट पकड बघून मी खूश झालो होतो, तिनंच पट्टी फोडली.

पण पट्टीचं दुःख नाही. पट्टी जुन्या बाजारात मिळाली. दुःख दरवाज्याचं आहे. मिस्त्रींनी आतलं पॅनेल उघडून बॅटरी मारली. स्क्रूंची टोकं आत आलेली, त्यातलं एक काच वरखाली करणाऱ्या मशीनपासून बोटभर अंतरावर. एका पावसाळ्यात प्रत्येक भोकाभोवती गंजाचं तांबडं कडं झालेलं. पंधरा वर्षं ज्या पत्र्याला काही झालं नव्हतं, तो तासाभरात सहा ठिकाणी उघडा पडला. आणि हे सगळं कशासाठी? तर दहा-पंधरा रुपयांच्या क्लिपा आणायला उठायचा कंटाळा! ज्याला ड्रिल चालवता येतं त्यानं आधी पट्टी उलटी करून बघायला नको?

आम्ही काम पुन्हा केलं, दोन दिवस लागले. गंज पॉलिश पेपरनं घासला, प्रायमर मारला, भोकं बुजवली. जुन्या टेपचा चिकटा काढून जागा साबणाच्या पाण्यानं धुतली, वाळल्यावर स्पिरिटनं पुसली. रॉकेलनं पुसू नका, मागं तेलकट थर राहतो आणि टेप धरत नाही. घरांत नव्या क्लिपा, मधल्या भागात फोमचा डबल टेप, आणि तळव्यानं दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. तो टेप पूर्ण पकड घ्यायला तीन दिवस घेतो, तोवर गाडी धुवायची नाही. थंडीत हे काम करत असाल तर आधी हेअर ड्रायरनं पत्रा कोमट करून घ्या.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मागच्या चाकाजवळचं क्लिपेचं घर तुटलं होतं, तिथं मिस्त्रींनीही स्क्रूच मारला. पण पत्र्यात आधीच असलेल्या भोकात, पट्टीचं भोक लांबट करून, खाली रबरी वायसर घालून. म्हणजे स्क्रूवर राग काढण्यात अर्थ नाही. त्या पोरावर तरी किती काढावा, हेही कळेनासं झालंय. त्याला लांबट भोकाचा अर्थ कुणी शिकवला असेल? ‘लवकर करून दे’ असं मीच त्याला दोनदा म्हणालो होतो. असं मनाला समजावतो, आणि मग टाकीवर बसलेली ती मुलगी आठवते. तिला काही झालं असतं तर हे समजूतदार बोलणं मला सुचलं असतं का?

तुमची गाडी जुनी असेल तर आज खाली वाका आणि चारी बाजूंच्या पट्ट्या हातानं हलवून बघा. मिस्त्रीला क्लिप आहे का विचारा, ड्रिल काढलं तर का ते विचारा. आणि क्लिप मिळेपर्यंत सैल पट्टी सरळ काढून डिकीत टाका. गाडी पट्टीवाचून चालते.