नंबर येईपर्यंत

पावसाळ्यात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तापाने मलूल झालेलं, खोकून बेजार पोर आणि लस टोचायला आणलेलं दीड महिन्याचं तान्हं एकाच बाकावर खेटून बसतात. तपासणी पाच मिनिटांत उरकते, नंबर यायला मात्र तास-दीड तास जातो. माझ्या मते धोका त्या तासात आहे.

गोवर झालेलं मूल निघून गेल्यावरही त्याचे विषाणू बंद खोलीच्या हवेत 2 तासांपर्यंत राहू शकतात. अंगावर पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून ते मूल संसर्ग पसरवत असतं, आणि तोवर घरच्यांना ते साधं सर्दी-पडसंच वाटतं. आपल्याकडे गोवराची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर मिळते. 2022 मध्ये मुंबईत गोवराची साथ आली, मुलं दगावली, तेव्हा साथीच्या भागात 6 महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याची वेळ आली. आरएसव्ही नावाचा विषाणू बहुतेक धडधाकट मोठ्यांना नुसतं नाक गळण्यावर सोडतो. तान्ह्याच्या बारीक श्वासनलिका मात्र त्याने सुजतात, धाप लागते, दूध ओढवत नाही. पलंगाच्या कठड्यावर तो काही तास तग धरतो आणि हातावाटे नाकाडोळ्यांत शिरतो.

तरीही आजोबांना ॲडमिट केलं की नातवंडांना भेटीला नेलं जातं, बाळंतिणीच्या खोलीत नातलगांची रीघ लागते. त्यामागची माया खरीच असते. पण आजारपणात माया दाखवायला जवळच गेलं पाहिजे, हा आग्रह आता सोडायला हवा. व्हिडिओ कॉलवरही नातवाचं तोंड दिसतं.

म्हणून दवाखानाच टाळावा असं मुळीच नाही. भीतीपोटी लस चुकवणं हे तर मोठं संकट ओढवून घेणं आहे. बदलायचं आहे ते ताटकळणं. लसीकरणाची वेळ वेगळी ठेवणं, खोकणाऱ्या मुलांना वेगळं बसवणं, खिडक्या उघड्या ठेवणं, यांना फारसा पैसा लागत नाही.

डॉक्टरांनी एवढं करावं. आणि आपण मुलाला ताप-खोकला किंवा पुरळ असेल तर निघण्यापूर्वी फोन करून कळवावं, शक्य तर नंबर येईपर्यंत बाहेर मोकळ्या हवेत थांबावं. शेजारच्या बाकावरचं तान्हंही आपलंच समजावं.